भिंतीवरचा कॅमेरा

८ जानेवारी, गुरुवार

— आन् म्हणे तडा जुनाच हाय! जुना? पुलाच्या रस्त्यासाठी माझ्या भिंतीच्या मुळाशी चारी खणली, सहा महिने उघडी टाकली, त्यानंतर आलाय तडा. तीन अर्ज दिले. रस्ते खात्याचा साहेब आला तो पुलाकडं तोंड करून उभा!

आता त्याच भिंतीच्या डोक्यावर कॅमेरा बसवलाय. इथून पूल नीट दिसतो म्हणे. पुलाला काळ्या-पांढऱ्या चौकटीची पाटी चिकटवली. दर दहा मिनिटांनी तिचा फोटो निघणार, पाटी जरा सरकली तरी कळणार. इंजिनेर पोरगी हाय, यामिनी मॅडम. "मावशी, भिंतीला हात लावू नका हं."

माझीच भिंत!

९ जानेवारी

दोरी बांधायची न्हाई. पापड वाळत घालायचे न्हाईत. शेळीनं तिकडं फिरकायचं न्हाई. पुलाचे लाड बघा! इकडं तड्यात बोट जातंय.

१३ जानेवारी, मंगळवार

मॅडमचा फोन. "मावशी, रोज सकाळी सात वाजता फोटोत कोण येतं?"

कोण येणार — आमचा बाबाजान! शिडीवर चढून भांग पाडतो. "सरकारी फोटो हाय, शरिफा. नीट यायला नको?" केस उरलेत चार!

१७ जानेवारी, शनिवार

पूल खचला! पाटी दोन इंच खाली गेली म्हणे. दोन्हीकडून रस्ता बंद. उसाच्या गाड्या लांबून श्रीगोंद्याला. माझ्या टपरीवर काळं कुत्रं न्हाई.

बाबाजान म्हणतो, "मी म्हणलोच हुतो." कधी म्हणला? नवरा हाय का पंचांग!

१८ जानेवारी

मॅडम आली. लॅपटॉपवर पहिला फोटो आन् कालचा, दोन्ही मोठे करून शेजारी लावले. दोन्हीवर एकाच उंचीला लाल रेघ. चहा ठेवता ठेवता बघितलं. पुलाच्या मागं गावची पाण्याची टाकी. आधी रेघ टाकीच्या शिडीच्या तिसऱ्या पायरीवर हुती, आता चौथ्या.

म्हणलं, "मग टाकी पण खचली का?"

"टाकी कशी खचेल, मावशी?"

"मी न्हाई, तुमचा फोटो म्हणतोय."

चहा गार झाला. मग पोरगी उठली, माझ्या भिंतीला ओळंबा लावला. बराच वेळ बघत राहिली. एवढंच विचारलं —

"तुम्ही झोपता कुठं?"

२० जानेवारी, मंगळवार

पूल जागचा हललाच न्हाई. भिंत आत झुकतीय, कॅमेरा डोक्यावर घेऊन — आमच्या खाटेवर! मॅडमनं टेकू लावून घेतले, तसं लिहून, सही करून कागद दिला. गाड्या सुरू. कॅमेरा न्यायला माणूस येतोय म्हणे. येऊ दे. खाट टपरीत नेलीय, शिडी कुलपात.

साहेबाला फोन केला. म्हणलं, तुमचाच कॅमेरा, तुमचेच फोटो. आता म्हणा जुना तडा! भिंत कधी बांधून देताय? शुक्रवारी दुपारपर्यंत सांगा.