वहिनींच्या सह्या

३ फेब्रुवारी

खिडक्यांच्या ग्रिल, लोखंडी कपाट, भिंतीला दुमडणारा पलंग, पोटमाळ्याची शिडी. दादाच्या ठाकुर्लीच्या घरातलं हे सगळं मी माझ्या हातांनी केलेलं. वेल्डिंग मला कुणी शिकवलं नाही, बघून बघून शिकलो. दादा गेला, आणि आज त्याच घरात सोसायटीचा सेक्रेटरी मला म्हणतो, नॉमिनी तुम्हीच, फॉर्म भरा, आठवड्यात घर तुमच्या नावावर!

दादाने माझं नाव लावलं तेव्हा त्याचं लग्नसुद्धा झालेलं नव्हतं. नंतर बदलायचं राहून गेलं. दादा असाच. पण नॉमिनी म्हणजे राखणदार, मालक नव्हे — पुस्तक आणून वाचलंय मी. आई गेली, मूलबाळ नाही, म्हणजे घर नंदावहिनींचं. तसं सांगितलं तर सेक्रेटरी म्हणे, मग कोर्टातून वारस दाखला आणा. आणतो!

११ फेब्रुवारी

कल्याण कोर्ट. लग्नाचा दाखला हवा म्हणे. गावच्या मांडवात लागलेल्या लग्नाचा दाखला कोण काढतो? शेवटी लग्नपत्रिका आणि रेशनकार्ड चालेल म्हणाले. वकिलाने अर्जात दादा गेल्याची तारीख चुकवलेली. पुन्हा टाइप करायला लावलं. त्याचं तोंड वाकडं — असू दे.

१३ फेब्रुवारी

वहिनींच्या सह्या घेतल्या. कुठे करायच्या तिथे पेन्सिलीने खुणा करून नेलेल्या. अर्ज इंग्रजीत. कसला कागद, विचारलं त्यांनी. म्हटलं, झालं की सांगतो. अर्धवट काम मी कुणाला दाखवत नाही, गिऱ्हाइकालाही नाही. पत्रिका, रेशनकार्ड घेऊन निघालो.

२७ फेब्रुवारी

साहेब रजेवर. पुढची तारीख.

८ मार्च

सोसायटीच्या नोंदीत घराचं क्षेत्रफळ एक, करारात दुसरं! कुणालाच पडलेली नाही. स्वतः टेप घेऊन गेलो, खोली न् खोली मोजली. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या. त्यांचा भाचा विनीत आलेला, सोफ्यावर पाय पसरून. म्हणतो, "काका, घराला गिऱ्हाईक कधी आणताय?" बोलायची रीत नाही. मी पुढची भिंत मोजायला घेतली.

निघताना वहिनी म्हणाल्या, "भावजी, अजून काय काय न्यायचंय?" म्हटलं, वीजबिल.

१९ मार्च

पुन्हा तारीख. दोन आठवड्यांत होईल म्हणतात. माझ्या माजिवड्याच्या वर्कशॉपला तीन दिवस कुलूप, ते कोण बघतो? कपाटाला वहिनींनी नवं कुलूप लावलंय. त्यात करारनामा आहे, मूळ प्रत हवी. किल्ली मागितली तर सापडत नाही म्हणाल्या.

२२ मार्च

वहिनी वर्कशॉपवर आल्या, एकट्या. उभ्याच राहिल्या. म्हणाल्या, "माझ्या सह्यांचे कागद परत द्या भावजी. मला तिथेच राहू द्या." बँकेतलं सगळं मोडून आणलेलं, माझ्या पुढ्यात ठेवलं. मी नको म्हणालो.

चार लाख दहा हजार.