टपाल्याचे लाड

४ मार्च, सोमवार

आलो एकदाचा! गाव आटोपशीर आहे, हवा बरी आहे आणि माझी खोली तिकीटखिडकीपेक्षा जेमतेम मोठी असली तरी मन खूश आहे. तिसरा मजला, रस्त्याकडे एक खिडकी, छोटा ओटा. घरमालकीण बाई तळमजल्यावर राहतात. किल्ली देताना त्यांनी जिन्यात पाय न वाजवण्यावर लांबलचक प्रवचन दिलं. मी मान डोलावली. बायको महिनाअखेरीस सामान घेऊन येणार, तोवर या प्रवचनांना श्रोता मी एकटाच.

नोकरी मात्र झकास मिळाली. एक जुनापुराणा उड्यांचा गेम आहे. निळ्या टोपीतला बुटका पोस्टमन छपरांवरून उड्या मारत पत्रं पोचवतो, वाटेत काटे, जाळ, कुत्री, कावळे. लोक त्याला प्रेमानं टपाल्या म्हणतात. हा गेम नव्या यंत्रांसाठी पुन्हा बांधायचाय, आणि टपाल्याची चाल नि उडी माझ्या हातात दिली आहे. योग्य माणसाच्या हातात दिली आहे, हे त्यांना लवकरच कळेल.

५ मार्च

ऑफिस म्हणजे चपलांच्या बंद पडलेल्या दुकानावरचा एक हॉल. मालक दोन. धाकटे मालक धंदा बघतात आणि प्रत्येक वाक्यात ‘मार्केट’ म्हणतात. थोरले त्यांचे वडील. मूळ गेम त्यांनीच बनवलेला. आता खिडकीशी उशी घेऊन बसतात आणि टपाल्याला ‘आमचा पोरगा’ म्हणतात. शिवाय दोन टेस्टर बहिणी आहेत, दिवसभर खेळून चुका शोधतात. खेळतातही अशा की देवानं अंगठे दिलेत ते उगाच.

दिवसभर जुना गेम खेळलो. बटण जास्त वेळ दाबलं तर उडी उंच, पटकन सोडलं तर बुटकी. पळताना थांबला तर गडी थोडा घसरतो. हवेत असताना दिशाही बदलतो, जे न्यूटनच्या बापालाही जमलं नसतं. एवढं मी समजू शकतो. पण मला सारखं वाटत राहिलं की मी चुकतोय तरी वाचतोय. हे मला मुळीच आवडलं नाही.

७ मार्च

सापडलं! थोरल्यांचा कोड उघडला आणि हसावं की रडावं कळेना. नुसते लाड आहेत, लाड! छपराचा काठ संपून टपाल्याचे पाय हवेत गेले, तरी पुढचा क्षणभर उडी चालते. जमिनीला टेकायच्या आधीच बटण दाबलं, तर गेम ते लक्षात ठेवतो आणि पाय टेकल्यावर उडी देतो. डोकं कोपऱ्याला घासणार असेल, तर त्याला गुपचूप बाजूला सरकवतो. काटे दिसतात केवढे आणि टोचतात त्याच्या निम्म्यानं. आणि मार बसलाच, तर टपाल्या थोडा वेळ लुकलुकतो, तेवढ्या वेळात दुसरा मार लागत नाही. खेळणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही. त्याला वाटतं, वा, काय आपला हात!

नाचता येईना अंगण वाकडं म्हणणाऱ्यांसाठी म्हातारबांनी अंगणच सरळ करून ठेवलंय. मी तोंडावर सांगितलं की ही लबाडी आहे. ते म्हणाले की बाबा, माणसाचं मन बरोबर असतं, हात जरा मागेपुढे होतो, तेवढं सांभाळून घ्यायचं असतं. मी विचारलं, किती जन्म सांभाळायचं? ते उशी नीट करत बसले.

धाकट्यांना मात्र पटलं. अवघड गेमला हल्ली मार्केट आहे म्हणे. सगळे लाड बंद करायची परवानगी मिळाली.

११ मार्च

काठाची सवलत काढून टाकली. पाय सुटला की गडी खाली, विषय संपला. टेस्टर बहिणी सकाळपासून पहिल्याच छपरावरून पडताहेत. थोरली म्हणते की बटण दाबलं होतं, धाकटी म्हणते की शप्पथ दाबलं होतं. मी त्यांना सांगितलं की उशिरा दाबलंत. केवढं समाधान वाटलं!

घरी येताना फुटपाथवरून पाय घसरला. घसरला म्हणजे काय, टाच काठाबाहेर गेली आणि मी सरळ खाली. एरवी माणूस तोल सावरतो, हात हलवतो, असं काही झालंच नाही. गुडघा फुटला. समोरचा भाजीवाला हसला. त्याच्या वजनकाट्याइतकंच त्याचं डोकंही खोटं असणार.

१३ मार्च

कोपऱ्यांचा लाड काढला. लक्षात ठेवलेलं बटणही काढलं. गेम आता कसा स्वच्छ, पाणीदार झालाय. धाकटे खूश. थोरल्यांनी एक डाव खेळून बघितला आणि बाजूला ठेवला. म्हणाले की पोरगा घाबरलेला दिसतो. घ्या! टपाल्याच्या चेहऱ्यावर डोळे म्हणून दोन ठिपके आहेत.

खोलीच्या चौकटीला आज खांदा तीनदा आपटला. दरवेळी जागीच थांबलो, जणू भिंतीलाच धडकलो. संध्याकाळी घरमालकीण बाईंनी चहा दिला, तर कप हातात यायच्या आधीच माझी मूठ मिटली. कप फुटला. बाई बोलल्या काही नाहीत, पण झाडू आणायला गेल्या तेव्हा पाठ पुष्कळ बोलत होती.

बायकोचा फोन आला होता. तिचं बोलणं संपत आलं की मी बोलायचो, पण तिला माझं काहीच ऐकू जात नव्हतं. नेमकी ती थांबेपर्यंत मी थांबलो, तरच पोचत होतं. ती म्हणाली, तुला हल्ली माझ्याशी बोलायचंच नसतं. मी म्हणालो की तुझा फोन डबडा आहे. मग भांडण झालं. तिलाही सगळं चमच्यानं भरवावं लागतं.

१५ मार्च

काटे, जाळ, कुत्री, सगळ्यांचा आवाका पूर्ण केला. जेवढं दिसतं तेवढं टोचतं. मग वाटलं, त्यात कसली मर्दुमकी, म्हणून दिसण्यापेक्षा बोटभर जास्तच ठेवला. मार बसल्यावरची ती उसंतही काढली. कुत्र्याला टपाल्या चिकटला की आता लागत राहतं, लागत राहतं, आणि खेळ खलास. धाकटी टेस्टर रडत बाहेर गेली आणि परत आलीच नाही. बरं झालं. लाडोबांचं इथे काम नाही.

१६ मार्च, शनिवार

गॅस पेटवला. ज्योत हातापासून वीतभर लांब होती. तरी भाजलं. कांदा चिरताना सुरी बोटाला लागली नव्हती, मी बघत होतो, दोघांत फट दिसत होती. तरी रक्त आलं.

दमलोय, दुसरं काही नाही. आज थंडच खाल्लं.

१८ मार्च

नीट लिहून ठेवतो, म्हणजे नंतर माझंच मला हसता येईल.

धाकट्यांनी शाबासकी म्हणून पाठीवर हात ठेवला. मी टेबलापलीकडे जाऊन पडलो. त्यांना वाटलं नाटक करतोय, म्हणून हसत उठवायला आले आणि दंड धरला. धरला आणि धरूनच ठेवला. जोवर धरला होता तोवर दंडावर हातोडा बसत होता, एकामागून एक, मध्ये श्वास घ्यायलाही जागा नाही. मी किंचाळलो तेव्हा कुठे सोडलं.

डॉक्टरांनी शर्ट काढायला सांगितला. दंडावर काळेनिळे वळ होते, पाचही बोटं स्पष्ट. पाठीवर अख्खा पंजा. त्यांनी दार लावून हळूच विचारलं की घरी कोणी मारतं का? नाडी बघायला मनगट धरू लागले, तर मी पळालो. जिन्याची शेवटची पायरी चुकली.

मी मूर्ख नाही. मला कळलंय.

१९ मार्च

भिंतीभिंतीनं ऑफिसला गेलो. वाटेत एका म्हातारीचा पदर नुसता घासून गेला आणि कोपर सोलून निघालं. दिवसभर बसून एकूण एक लाड परत घातले. काठ, कोपरे, बटण, काटे, उसंत, सगळं. वर दुप्पट उसंत दिली. टपाल्या लोण्यातून चालल्यासारखा चालायला लागला. राहिलेली टेस्टर पहिल्या दमात लेव्हल पार करून गेली.

तरी मी उठलो आणि दाराच्या चौकटीला डोकं आपटलंच.

थोरल्यांच्या पायाशी बसलो, हातभर अंतर ठेवून. सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले की टपाल्याचे लाड मी घातले होते, ते तू काढलेस, तूच परत दिलेस. तुझे कोणी घातले होते ते मला ठाऊक नाही. तिथं वर कोणी नवा माणूस लागला असेल कामाला.

त्यांनी डोक्यावर हात ठेवायला उचलला आणि आठवण येऊन मागे घेतला.

२० मार्च

खोलीत आहे. जमिनीवर मधोमध बसून लिहितोय. काठ नको, कोपरा नको.

त्या वरच्याचा विचार करतो. तो उंटावरचा शहाणा असाच खुर्चीत रेलून बसला असेल. म्हणत असेल, हा बघ पडला, उशिरा दाबलंस. पाणी पिताना मला ठसका लागला की त्याला केवढं समाधान वाटत असेल. मला तो दिसतो. ओळखीचा आहे हरामखोर —

इतकी वर्षं मी जगलो ते माझ्या हुशारीवर, असं समजत होतो. थू.

२१ मार्च

बायकोला फोन केला. येऊ नको म्हणालो. ती बोलायची थांबली की मोजून बोललो, तरी निम्मं पोचलं नाही. तिला ‘नको’ तेवढंच ऐकू गेलं.

मग मेसेज करून सगळं लिहिलं. वळांचे फोटो पाठवले. तिचं उत्तर आलं — घाबरू नकोस, मी उद्याच निघते, तू एकटा राहू नकोस.

लिहिलं, शिवलीस तर मी मरेन.

तिनं लिहिलं, असं नाही रे बोलायचं.

२२ मार्च

माशी बसली मानेवर. उठेपर्यंत —

खिडकी लावून घेतली. बोटं अडकली. नखं दोन गेली.

घरमालकीण दारातून विचारतायत, डबा ठेवू का. ठेवा म्हणालो. आत येऊ नका म्हणालो. कधी नाही ते ‘कृपा करून’ म्हणालो.

बायकोला परत मेसेज — बघितलाच नाही. गाडीत असेल. झोपली असेल.

२३ मार्च

दुपार. खाली रिक्षा थांबली. तिचा आवाज. घरमालकिणीशी बोलतेय — दुसरी किल्ली मागतेय —

कडी लावायला गेलो. हात आधीच मिटतो. परत. परत. लागत नाही —

टेबल लावलं दाराला. बरगडी गेली बहुतेक.

ओरडून सांगितलं, लांब राहा. पोचलं की नाही — ती बोलत होती तेव्हाच ओरडलो —

ती रडतेय. म्हणते, भांडणाचं काही मनात ठेवलेलं नाही. म्हणते, तू आयुष्यभर जे काही टाकून बोललास ते सगळं मी कधीच सोडून दिलंय. म्हणते फक्त एकदा जवळ घेऊ दे —

टेबल सरकतंय.

दोन्ही हात पुढे करून ती येतेय — तिला थांब म्हणायचंय, ती बोलायची थांबतच नाही — एकदा मिठी मारली की ती लवकर सो