मधली शून्यं

नागपूर, शुक्रवार, ११ नोव्हेंबर १९८८

आज कॉम्प्युटर सेंटरात ढोबळे साहेबांचा निरोपसमारंभ झाला, आणि मी खोटं बोललो.

नेटवर्कच्या फाइलीत ते मशीनचा आकड्यांतला पत्ता आखूड लिहायचे: १०.०.०.५ ऐवजी नुसतं १०.५. मधली दोन शून्यं मशीन आपोआप धरायचं. सकाळी मी ते पत्ते पूर्ण लिहायला बसलो आणि शून्यं शेवटी लावली: १०.५.०.०. सगळं नेटवर्क बंद. डायरेक्टरांनी विचारलं तर म्हणालो, "साहेबांच्या जुन्या पद्धतीमुळे झालं." काहून म्हणालो मी तसं?

ढोबळे साहेब समारंभातून उठून आले, गळ्यातल्या हारासकट स्क्रीनसमोर बसले. शून्यं मधे आणली. डायरेक्टरांना म्हणाले, "माझंच चुकलं. मीच पूर्ण लिहाले पाहिजे होतं."

जाताना माझ्या पाठीवर हात ठेवला. "शून्यं मधात असतात गा."