टेबलाखालचा हात

तीर्थरूप बाबा, नमस्कार.

मी मजेत आहे, वेळेवर जेवते. बशीत वाढवलेल्या पेशींच्या थरावर ओरखडा काढायचा आणि तो कसा भरतो ते बघत बसायचं, हेच प्रयोगशाळेतलं माझं काम. साखर कमी पडली की पेशी जागच्या हलत नाहीत. उपाशीपोटी जखमसुद्धा भरत नाही बघा.

आई गेल्यापासून तुम्ही काय रांधता, काय खाता? परवा व्हिडिओ कॉलवर चहाचा कप डाव्या हाताने उचललात. विचारलं तर म्हणालात, "डाव्यालाही जरा काम नको का?" उजवा शेवटपर्यंत टेबलाखालीच होता.

दिवसभर जखमाच बघते हो मी. माझ्यापासून लपवता?

लहानपणी माझ्या फुटलेल्या गुडघ्यावर तुम्ही फुंकर घालायचात. माझी फुंकर तिथवर पोचत नाही. निदान हात तरी दाखवा.

तुमची,
धाकटी