अंडी फडताळात आहेत

वृषाली,

तुझी मावशी अंगणात घसरून पडली म्हणून मी शिनोलीला चालले. नेमकी तू यायच्या दिवशीच!

फडताळात अंडी ठेवलीत. गळ्यात तुळशीची माळ असून मीच आणली. दुकानदार म्हणाला, "काकू, तुमी आन् अंडी?" म्हटलं, "लेक येतीय."

माझ्यापायी तू इतकी वर्षं दही-सोड्याचा केक केलास. तो मधेच बसायचा आन् तू हसून घ्यायचीस. ह्या खेपेला तुझ्या मनासारखा फुगू दे. मी खाणार न्हाई, पण घरात तुझ्या केकचा वास सुटून लई दिवस झाले.

सांजच्या यष्टीनं येते. लगेच पुण्याची गाडी धरू नको. भांडी मी घासीन, तू नुसती माझ्यापाशी बस.

आई