उतू न गेलेलं दूध

१४ जानेवारी, संक्रांत. संध्याकाळ.

पाय नुसते ठणकतायत. आणि सकाळचं ते दूध डोक्यातून जात नाही.

अम्मा, म्हणजे माझ्या सासूबाई, लग्न होऊन तमिळनाडूतून इथं नगरजवळ नागापूरला आल्या त्याला जन्म लोटला. बोलणं आता पार नगरचं, भाकरी माझ्याहून चांगली. पण संक्रांतीला पोंगल म्हणजे पोंगल. दुधाच्या भांड्याला हळदीचं ओलं रोप बांधायचं असतं, ते इथं मिळत नाही म्हणून हळकुंड बांधतात. दूध उतू गेलं की सगळ्यांनी ओरडायचं, "पोंगलो पोंगल!" मग वर्ष भरभरून जातं. यंदा त्यांचे गुडघे गेले, म्हणून भांडं माझ्याकडं आलं.

दूध वर आलं आणि मी गॅस बारीक केला. मुद्दाम कशाला करीन? हातच गेला. दूध उतू गेलं की आईची बोलणी खाल्लेला हात. ओरडायला तोंड उघडलेलं घर तसंच राहिलं. दूध खाली बसलं.

"ऱ्हाऊ दे गं. तांदूळ टाक," अम्मा एवढंच म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मग आत जाऊन पडल्या.

मघाशी चहाचं दूध ठेवून जरा टेकले तर डोळाच लागला. जळका वास आला तशी धावले. ओटाभर दूध. फडकं शोधतेय तोवर आतल्या खोलीतून अम्मांचा आवाज, "पोंगलो पोंगल!"

चेष्टा होती का खरंच? विचारलं नाही. ओटा अजून पुसलेला नाही.