पाखराची साक्ष

१६ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. तुझ्या वहिनीचा गुडघा आता बरा आहे, म्हणजे दिवसभर माझ्या मागे लागण्याइतकी ती हिंडू लागली आहे. मी ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. ठीक काही नाही.

निळं पाखरू अजून आलेलं नाही. रोज सकाळी देवळामागच्या दगडावर बसतो, कानांत प्राण आणून ऐकतो, आणि ऐकू काय येतं, तर आपल्या चुलतभावाच्या वखारीतली करवत. तुला हे सांगायला नको, पण त्याला सांगून सांगून माझ्या जिभेला सवयच लागली आहे: आपल्या घरच्या राखणदाराने पाखराची शीळ स्वतःच्या कानांनी ऐकायची, देवळाच्या पायरीवर उभं राहून ‘पाखरू आलं, टेकडी मिटली’ म्हणायचं, की कुऱ्हाडी आणि गुरं दोन्ही खाली. पिलं मोठी होऊन ‘पाखरू गेलं’ असं राखणदाराने सांगेपर्यंत वर कुणी फिरकायचं नाही. तेवढ्या विसाव्यावर झाडं जगतात आणि झाडांवर झरा.

यंदा पाखरू नाही, म्हणून बंदी नाही. वखारवाला हसून म्हणतो, दादा, नियम तुमचाच आहे. झऱ्याची धार करंगळीएवढी झाली आहे आणि त्याने वरच्या अंगाच्या जुन्या झाडांवर रंगाच्या खुणा करून ठेवल्या आहेत. ती झाडं गेली की झरा गेला. तू हवामान कार्यालयात बसतेस ना? मग एकदाचं सांग, पाखरू येणार कधी? लोक मला विचारतात आणि मी शुंभासारखा आभाळाकडे बघतो.

वहिनीचे आशीर्वाद. उत्तराला उशीर केलास तर माझ्याशी गाठ आहे.

तुझा
दादा


२७ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पाखरू म्हणजे बस नव्हे, चौकशीच्या खिडकीवर विचारायला. मला कळतं तेवढं सांगते. टेकडीवर उन्हाळा आता लवकर चढतो. ज्या किड्यांवर पाखरू पिलं वाढवायचं, ते किडे त्याच्या येण्याआधीच होऊन जातात. ते दुसरीकडे गेलं असेल. कदाचित यापुढे येणारच नाही. हे लिहिताना आधी रडू आलं, मग राग आला.

राग साहेबांचा. झऱ्यावरचा माझा अहवाल त्यांनी वाचलाच नाही. मुखपृष्ठावर टेकडीचा छानसा फोटो टाका म्हणाले. इथे ‘परंपरा आणि हवामान’ अशी परिषद भरणार आहे, तिथे तुला मंचावर बसवू या का, असंही विचारत होते. बोलायला तीन मिनिटं. मी म्हटलं, आमच्या दादाला नुसतं खाकरायला तेवढी लागतात.

म्हणून स्पष्टच लिहिते. पाखरू आलं, असं सांगून टाक. कोण तपासणार आहे? माझे आलेख कुत्रं विचारत नाही आणि तुझ्या एका वाक्यावर सगळे कुऱ्हाडी खाली ठेवतात. देवाला टेकडी हवी आहे की तुझा खरेपणा? रागावू नकोस. रागावलास तरी टेकडी मिट.

वहिनीला नमस्कार. माया आहे तशीच राहू दे.

तुझी
ठमी


१२ मार्च

चि. ठमीस,
अ. उ. आ.

रागावलो. काही दिवस तुझं नावही काढलं नाही. वहिनी म्हणाली, ठमीचंच बरोबर आहे, देव काही साक्ष द्यायला पायरी उतरून येत नाही. मी म्हटलं, आपल्या घरात सोनंनाणं कधीच नव्हतं. न ऐकलेलं ऐकलं म्हणायचं नाही, एवढीच काय ती इस्टेट. मग वरच्या अंगाचं पहिलं झाड पडलं. आवाज घरात आला. दुसऱ्या सकाळी मी पायरीवर उभा राहिलो आणि ते वाक्य बोललो.

जीभ झडली नाही. कुऱ्हाडी खाली आल्या. तू जिंकलीस. पण पुढचं ऐक. आत्या काठी टेकत आली, डोळ्यांत पाणी, म्हणाली, मीही ऐकलं रे, अगदी पूर्वीसारखं. मग मास्तरांनी ऐकलं, दूधवालीने ऐकलं. वखारवाल्याने तर दोनदा ऐकलं, वरच्या झाडावर आणि खालच्या. सगळ्या गावात बहिरा मी एकटाच.

अशात तुमच्या कार्यालयाचे दोघे आले, विहिरींवरचे पंप आवरा आणि पेरणीच्या वेळा बदला असं सांगायला. त्यांना चहा पाजून वाटेला लावलं. लोक म्हणाले, हवा बिघडली असती तर पाखरू आलं असतं का? ते दोघे माझ्याकडे बघत होते. मी माझ्या चपलांकडे बघत होतो.

आता बोल, शहाणे. उपदेश नको, उपाय लिही.

चिडलेला, तरी तुझाच,
दादा


१९ मार्च

ती. दादास,
सा. न.

ते दोघे परत येऊन मला म्हणाले, तुमच्या गावात सगळं उत्तम आहे म्हणे! मी टेबलाशी बसून दातओठ खात राहिले. आगीतून फुफाट्यात, दुसरं काय.

खरं सांगून टाक. पण ‘आलं नाही’ म्हणून गप्प बसू नकोस. ते येत नाही म्हणूनच टेकडी जास्त घट्ट मिटायला हवी, असं सांग. आपल्या पूर्वजांनी नियम केला तो पाखराला निवांतपणा मिळावा म्हणून ना? मग त्याने परत यावं म्हणून तोच पाळायचा. माझं ऐकणार नाहीत, तुझं ऐकतील. इतकी वर्षं तुझ्या शब्दावर चालत आलेत.

जपून राहा. आणि सांगताना चिडू नकोस, मी तुला ओळखते.

तुझी
ठमी


३० मार्च

चि. ठमीस,
अ. उ. आ.

सांगितलं. सगळ्यांना पायरीपाशी बोलावलं आणि न चिडता सांगितलं. पाखरू आलेलं नाही, मी खोटं बोललो, आणि ते येत नाही म्हणूनच टेकडी मिटलेली ठेवू या. तुझा मुद्दा एकही सोडला नाही.

मग आत्या म्हणाली, पोरा, तुझे कान गेले रे. आम्ही ऐकलं ना! मास्तर म्हणाले, वयाने होतं असं, मनाला लावून घेऊ नका. मग मात्र मी चिडलो. ओरडलो, देवाची शपथ घेतली. जितका ओरडलो तितकी त्यांना माझी कीव आली. कुणी शिव्या दिल्या असत्या तरी बरं वाटलं असतं.

राखणदाराचे कान शाबूत हवेत, हा नियम आपलाच. म्हणून माझी राखणदारी काढून घेतली आणि ज्याने सगळ्यांत स्पष्ट ऐकलं त्याला दिली. म्हणजे वखारवाल्याला. तो माझ्या पाया पडला, म्हणाला, दादा, सगळं तुमच्या नियमानेच चालवीन. तुझी वहिनी तेव्हापासून धड जेवलेली नाही.

टेकडी अजून मिटलेली आहे. ‘पाखरू गेलं’ असं राखणदाराने सांगेपर्यंत कुणी वर जाणार नाही. काल त्याने करवतीला नवं पातं बसवून घेतलं. खरं आलेलं पाखरू जायला पिलं मोठी व्हावी लागायची, ठमे. हे आलंच नाही, त्यामुळे हे कधीही जाईल.

झाडं बघायची असतील तर लवकर निघून ये.

तुझा
दादा